थराचा पृष्ठभाग बदलला की चुंबकत्व का बदलतं: कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडवर करून बघायची रीत

झिंक ऑक्साइडच्या थरात पाच टक्के कोबाल्ट घातला, व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) छोटासा लूप (क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना उमटणारा चुंबकत्वाचा बंद वळसा) उघडला, एएफएमच्या (बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रात डोंगरदऱ्या दिसल्या, की प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आपोआप उतरतं: "खडबडीतपणा वाढला तसं चुंबकत्व वाढलं." दोन आलेख एकाच वेळी वर गेले म्हणून एकामुळे दुसरा गेला असं होत नाही. कित्येकदा त्या लूपचा धनी थर नसतोच, चिमटा असतो.

पृष्ठभागाचा चुंबकत्वावर परिणाम होतो हे खरं आहे. फक्त तो सिद्ध करायचा तर बाकीचं सगळं जागेवर ठेवून पृष्ठभागच बदलावा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिन कोटर (तुकडा वेगानं फिरवून त्यावर द्रावण पसरवणारं यंत्र), हॉटप्लेट आणि मफल फर्नेस एवढ्यावर हे जमतं. मोजणी बाहेर करून घ्यावी लागते, आणि तिथे पाठवण्याआधीच बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात.

आधी हिशोब

थराचा तुकडा ५ मिमी बाय ५ मिमी, जाडी २०० नॅनोमीटर धरा. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे या थराचं वजन फक्त २८ मायक्रोग्रॅम. त्यात ५ टक्के कोबाल्ट असेल आणि प्रत्येक कोबाल्ट आयनानं एक बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं माप) दिला, तर एकूण सिग्नल होतो साधारण ९७ मायक्रो-ईएमयू (ईएमयू हे तुकड्याच्या चुंबकत्वाचं एकक). प्रत्यक्षात त्याच्या दहावा हिस्सा मिळाला तरी चांगलं समजायचं. म्हणजे आपण १० मायक्रो-ईएमयूच्या मागे आहोत.

आता लोखंड बघा. लोखंड एका ग्रॅमला सुमारे २१८ ईएमयू देतं. म्हणजे १० मायक्रो-ईएमयू द्यायला ४६ नॅनोग्रॅम लोखंड पुरे. हा कण किती मोठा? बाजूला जेमतेम १८ मायक्रॉन. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या जाडीच्या पावपट कण थराच्या कडेला चिकटला की संपूर्ण थराएवढा लूप तो एकटा देतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री आणि लेथची कामं दिवसभर चालतात. त्या बाजूनं येणाऱ्याच्या कपड्यांवर, बुटांवर असे कण ढिगानं असतात. खानापूरकडची तांबडी माती तर लोहाच्या ऑक्साइडांनीच तांबडी झालेली असते. लोखंडापुढे तिचा सिग्नल फार कमी, पण ती हाताला, टेबलाला, खिडकीच्या चौकटीला सगळीकडे असते. स्पिन कोटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची सवय देवघरासारखी पाळा.

याच हिशोबातून एक उलट गोष्टही निघते. थरात जेवढं झिंक लागतं तेवढ्यासाठी सुमारे ७५ मायक्रोग्रॅम झिंक ॲसिटेट खर्च होतं. त्या पावडरीत १० पीपीएम लोखंड असलं आणि ते सगळंच्या सगळं धातुरूपात उतरलं, तरी सिग्नल ०.१६ मायक्रो-ईएमयू. म्हणजे पावडरीची शुद्धता ९९ वरून ९९.९९ टक्क्यांवर नेण्यात पैसे घालण्याआधी स्टीलचा चिमटा टाकून प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिकचा घ्या. २००५ साली अब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांवर नेमकं हेच दाखवलं: स्वच्छ हाताळलेल्या थरात चुंबकत्व नाही, स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं धरलेल्यात आहे. त्याच्या आदल्याच वर्षी डब्लिनच्या गटानं याच पदार्थाच्या थरात अनपेक्षित चुंबकत्व सापडल्याचं छापलं होतं.

पृष्ठभागात असं काय असतं

झिंक ऑक्साइडमध्ये प्रत्येक झिंकभोवती चार ऑक्सिजन असतात. कोबाल्ट दोन-धन आयन त्याच जागेत बसतो. दोघांच्या त्रिज्या ०.५८ आणि ०.६० अँगस्ट्रॉम, म्हणून फारशी ओढाताण होत नाही. पण दाण्याच्या कडेला ही चौकट तुटते. तिथे ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, इलेक्ट्रॉन अडकून पडतात, आणि कोबाल्ट आतल्यापेक्षा जास्त गोळा होऊ शकतो. २००० साली डिट्ल आणि सहकाऱ्यांनी मँगॅनीज मिसळलेल्या पी-प्रकारच्या झिंक ऑक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाच्या वर फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं स्वतःचं टिकणारं चुंबकत्व) असू शकतो असं गणितानं मांडलं. २००१ पासून कोबाल्ट-झिंक ऑक्साइडचे थर येऊ लागले, आणि निकाल एकमेकांशी जुळेनात. २००६ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या सुंदरेसन, सी. एन. आर. राव यांच्या गटानं दाखवलं की मुळात बिनचुंबकी असलेल्या ऑक्साइडांचे ७ ते ३० नॅनोमीटरचे कणसुद्धा खोलीच्या तापमानाला क्षीण फेरोमॅग्नेटिक वागतात, आणि तेच पदार्थ भाजून मोठ्या दाण्यांचे केले की ते वागणं जातं. कोबाल्टचा पत्ताच नाही, फक्त पृष्ठभाग. २००९ मध्ये स्ट्राउमाल यांच्या गटानं झिंक ऑक्साइडमध्ये दाण्यांच्या सीमांकडे बोट दाखवलं.

हा "सीमा" शब्द महत्त्वाचा आहे. खानापुरातला जांभ्याचा चिरा डोळ्यांपुढे आणा. वरून तासून सपाट केला तरी पाणी पितोच, कारण त्याचा खरा पृष्ठभाग आतल्या छिद्रांत आहे. थराचंही तसंच. २०० नॅनोमीटर जाड थरात २० नॅनोमीटरचे दाणे असतील तर आतल्या सीमांचं एकूण क्षेत्रफळ वरच्या पृष्ठभागाच्या सुमारे ३० पट भरतं. दाणे ६० नॅनोमीटरचे केले तर १० पट. याउलट वरचा खडबडीतपणा २ वरून ८ नॅनोमीटर केला तरी वरचं क्षेत्रफळ वाढतं काही टक्क्यांनी. म्हणून चुंबकत्व दुप्पट झालं आणि कारण म्हणून एएफएमचा आरएमएस (सरासरी खडबडीतपणाचा) आकडा दिला, तर जाणता परीक्षक तिथेच थांबवेल. खडबडीतपणा हे बहुधा लक्षण असतं, कारण दाण्यांच्या आकारात असतं.

द्रावण

२० मिली, ०.५ मोलर, ५ टक्के कोबाल्ट यासाठी: झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.०८५ ग्रॅम, कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेट ०.१२४५ ग्रॅम, मोनोइथेनॉलअमाइन ०.६० मिली, आणि टू-मिथॉक्सीइथेनॉल २० मिली होईपर्यंत. अमाइन हे धातूंच्या एकूण मोलइतकंच असतं. कमी पडलं तर पांढरा साका बसतो. कोबाल्टचं वजन ०.१ मिलीग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच करा. दोन दशांशांच्या काट्यावर ५ टक्क्यांचे साडेचार आहेत की साडेपाच हे कळणार नाही, आणि मग सगळी मालिका फुकट.

टू-मिथॉक्सीइथेनॉल प्रजननक्षमतेला घातक आहे आणि कातडीतून आत जातं. फ्यूम हूड आणि बिनपावडरचे नायट्राइल हातमोजे हवेतच. गरोदर विद्यार्थिनीनं हे काम करू नये.

६० अंशांवर दोन तास ढवळा. इथे चोरटा शत्रू म्हणजे मॅग्नेटिक स्टररची गोळी. तिचं टेफ्लॉन खरचटलं असेल, टोकाशी तपकिरी ठिपका दिसत असेल, तर आतल्या चुंबकाचा धातू द्रावणात उतरतो. नखानं चाचपून बघा, भेग लागली की गोळी कचऱ्यात. ढवळून झालं की २४ तास बंद बाटलीत ठेवा आणि ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळा. सिरिंजला स्टीलची सुई लावू नका, फिल्टरच्या तोंडातूनच थेंब सोडा.

उरलेलं द्रावण फेकू नका. ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये हळूहळू आटवून ५०० अंशांवर तासभर भाजा. भुकटी हिरवी निघाली तर कोबाल्ट झिंकच्या जागेत बसला आहे. अठराव्या शतकापासून रिनमन ग्रीन म्हणून माहीत असलेला रंग तो हाच. भुकटी काळपट निघाली तर कोबाल्ट ऑक्साइड वेगळं पडलं आहे. २०० नॅनोमीटरच्या थरात हा रंग डोळ्याला जेमतेम कळतो, भुकटीत लपत नाही. फुकटातली ही चाचणी एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघण्याच्या) आधी होते, आणि वाईट द्रावणावर पुढचे चार दिवस घालवणं वाचतं.

काच की सिलिकॉन

प्रकाशाच्या मोजणीसाठी साधी स्लाइड चालते, चुंबकाच्या मोजणीसाठी नको. तिच्यात लोह असतं, ५०० अंशांच्या आसपास ती वाकू लागते, आणि तिच्यातलं सोडियम थरात चढतं. चुंबकीय मोजणीला सिलिकॉन किंवा क्वार्ट्झ घ्या, आणि ऑप्टिकलसाठी सोबत क्वार्ट्झचा एक तुकडा त्याच फेरीत करा.

तुकडे थर देण्याआधीच ५ बाय ५ मिमी कापून घ्या. डायमंड स्क्राइब मागच्या बाजूनं ओढा. मग साबणपाणी, डीआय (आयन काढलेलं) पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी दहा मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये. बाथची टाकी स्टीलची असते, म्हणून तुकडे काचेच्या बीकरमध्ये ठेवून बीकर टाकीत ठेवा. शेवटी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं, म्हणजे कापताना लागलेलं लोखंड निघून जातं. थर दिल्यावर हे आम्ल चालणार नाही, झिंक ऑक्साइड त्यात विरघळतं. सफाईची संधी ही एकदाच. नळाचं पाणी राकसकोप जलाशयाचं असो की बोअरचं, शेवटची धुवण डीआय पाण्याचीच.

एक तुकडा कोरा ठेवा, पण कपाटात नव्हे. त्यावर झिंक-कोबाल्ट नसलेलं, फक्त सॉल्व्हंट आणि अमाइनचं मिश्रण तितक्याच वेळा फिरवा, तितक्याच वेळा हॉटप्लेटवर ठेवा, त्याच फर्नेसमध्ये भाजा. सगळ्या मालिकेत सर्वांत मोलाचा तुकडा हा असतो, आणि तोच बहुतेक जण करत नाहीत.

थर देणे, आणि पावसाळा

मिनिटाला ३००० फेरे, ३० सेकंद, मग ३०० अंशांच्या हॉटप्लेटवर १० मिनिटं, ही झाली एक फेरी. एका फेरीत साधारण २५ नॅनोमीटर मिळतात, आठ फेऱ्यांत २००. आपल्या द्रावणाचा आकडा एकदा जाडी मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरवर किंवा एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) छेदात तपासून घ्या, आमच्या आकड्यावर विसंबू नका. शेवटी ५०० अंशांवर हवेत एक तास, तापमान मिनिटाला ५ अंशांनी चढवत.

जून ते सप्टेंबर बेळगावात हवाच ओली. द्रावण फिरत असताना ओल ओढून घेतं आणि थर दुधट उठतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर स्पिन कोटरला ॲक्रिलिकची पेटी करा, आत सिलिका जेलची ताटली आणि एक साधा हायग्रोमीटर. जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर दोन तास भाजून परत निळं करून घ्या. पावसाळ्यात केलेला तुकडा आणि मार्चमध्ये केलेला तुकडा एकाच आलेखावर ठेवू नका. त्यांचा पृष्ठभाग वेगळा निघतो आणि कारण म्हणून तुम्ही भलतंच काही लिहून बसता. भाजताना मधेच लाईट गेली तर तो संच बाद धरा. फर्नेस थंड होऊन पुन्हा चढली म्हणजे भाजणं दुप्पट झालं.

फक्त पृष्ठभाग बदलायचा कसा

सरळ वाटणारा मार्ग म्हणजे ३००, ४००, ५००, ६०० अंशांवर भाजणे. दाणे वाढतात, खडबडीतपणा बदलतो, पण ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही बदलतात, आणि कोबाल्ट सरकतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून शेवटचं भाजणं सगळ्या तुकड्यांना एकाच ताटलीत, एकाच वेळी, ५०० अंशांवर द्या, आणि फरक त्याच्या आधी पाडा.

पहिला उपाय द्रावणाच्या तीव्रतेचा. २०० नॅनोमीटर जाडी ०.२५ मोलरच्या सोळा फेऱ्यांत गाठली तर थर गुळगुळीत येतो, ०.७५ मोलरच्या पाचेक फेऱ्यांत गाठली तर रखरखीत. दुसरा उपाय तापवण्याच्या वेगाचा: काही तुकडे थेट ३०० अंशांच्या प्लेटवर टाका, काही खोलीच्या तापमानापासून मिनिटाला ३ अंशांनी न्या. झटक्यानं तापवलेल्या थरात वाफ घाईनं निघते आणि पृष्ठभाग वेगळा येतो. तिसरा उपाय आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण त्यात आतला थर तोच राहतो: तयार थराचा वरचा भाग सौम्य आम्लानं खाऊन टाकायचा. सौरघटांच्या स्पटर केलेल्या झिंक ऑक्साइडला ०.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं खड्डे पाडतात. आपला सोल-जेल (द्रावण वाळवून-भाजून केलेला) थर सच्छिद्र असतो, लवकर विरघळतो, म्हणून ०.१ टक्क्यापासून आणि ५ सेकंदांपासून सुरुवात करा, लगेच डीआय पाण्यात बुडवा, १५० अंशांवर वाळवा. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. किती जाडी गेली ते मोजा. जाडी १० टक्के गेली आणि सिग्नलही १० टक्केच गेला, तर वरच्या पृष्ठभागाला खास काही महत्त्व नव्हतं. सिग्नल निम्मा झाला, तर वरच्या भागात काहीतरी होतं. थर असू शकतो, घाण असू शकते.

घाण आणि थर वेगळे करायला जाडीची मालिका लागते. २, ४, ८, १२ फेऱ्यांचे तुकडे करा आणि एकूण सिग्नल जाडीविरुद्ध मांडा. इथे ईएमयू प्रति ग्रॅम काढू नका, एकूण मायक्रो-ईएमयूच घ्या. रेषा शून्यातून चढली तर सिग्नल थराच्या अंगात, म्हणजे दाण्यांत किंवा त्यांच्या सीमांत आहे. रेषा आडवी राहिली तर सिग्नल वरच्या पृष्ठभागात, खालच्या सांध्यात किंवा धुळीत आहे. ठिपके सैरावैरा पडले तर धूळच. मग चढ ज्या मालिकांत सापडला त्यांचा चढ दाण्याच्या आकाराच्या व्यस्ताशी ताडून बघा. तिथे सरळ रेषा मिळाली तर सीमांबद्दल बोलायला तुमच्याकडे आधार आहे.

बघायचं काय

एक्सआरडी २० ते ७० अंश, ०.०२ अंशाच्या पायरीनं, शक्य असेल तर १ अंशाच्या तिरप्या आपाताने. झिंक ऑक्साइडची शिखरं ३१.७७, ३४.४२ आणि ३६.२५ अंशांवर. ३४.४२ चं (००२) शिखर इतरांपेक्षा खूप उंच असेल तर दाणे उभे वाढले आहेत. दाण्याचा आकार शेररच्या सूत्रानं: ०.९ गुणिले १.५४०६ अँगस्ट्रॉम, भागिले शिखराची रुंदी रेडियनमध्ये गुणिले अर्ध्या कोनाचा कोसाइन. ०.४० अंश रुंदीला सुमारे २१ नॅनोमीटर येतात. रुंदीतून यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करा.

एक्सआरडीत दुसरं काही दिसलं नाही म्हणून "अशुद्ध फेज नाही" असं लिहू नका. कोबाल्ट ऑक्साइडच्या स्पिनेलची शिखरं ३१.२७ आणि ३६.८५ ला येतात, झिंक ऑक्साइडच्या अगदी बगलेत. धातुरूप कोबाल्टचं एक शिखर ४७.५ जवळ, आणि तिथेच झिंक ऑक्साइडचं (१०२) बसलेलं. धातू पकडायचा तर ४४ ते ४५ अंशांचा पट्टा वेगळा, दसपट सावकाश काढून घ्या. शिवाय क्वार्ट्झवरच्या तुकड्याचा शोषण-वर्णपट काढा: ५६८, ६११ आणि ६५५ नॅनोमीटरजवळ तीन शिखरं दिसली तर चार ऑक्सिजनांच्या मधला कोबाल्ट दोन-धन नक्की.

एएफएम टॅपिंग मोडमध्ये, १ मायक्रॉन आणि ५ मायक्रॉन अशा दोन चौरसांवर, प्रत्येक तुकड्याच्या निदान तीन जागी. दोन्ही चौरसांचा आरएमएस वेगळा येतो, म्हणून चौरसाचा आकार न लिहिता दिलेला आकडा निरुपयोगी. सुईच्या टोकाचीच त्रिज्या १० नॅनोमीटरच्या आसपास असते. एएफएममध्ये दिसलेला ६० नॅनोमीटरचा "दाणा" हा पुष्कळदा २० नॅनोमीटरच्या दाण्यांचा झुबका असतो. आकार शेररचा घ्या, एएफएमकडून आकृती घ्या.

एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागातल्या आयनांची अवस्था ओळखणारी मोजणी) मिळालं तर कोबाल्टच्या शिखराकडे बघा. ७८० ते ७८१ इलेक्ट्रॉन-व्होल्टला शिखर आणि ७८६ जवळ सोबती म्हणजे दोन-धन, ७७८ च्या आसपास खांदा म्हणजे धातू. ऑक्सिजनचं ५३१.५ चं शिखर मात्र "रिकाम्या जागा" म्हणून छातीठोक मांडू नका. पावसाळ्यात थरावर चढलेला हायड्रॉक्सिलही तिथेच दिसतो.

मोजणी

मोजणीला तुकडे कोल्हापूर, धारवाड, गोवा किंवा बंगळूरला जातील. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत, टिशूऐवजी चिकट जेलवर. स्टीलची डबी नको: स्टेनलेस ताणून-वाकवून घडवलं की थोडं चुंबकी होतं. तुकड्यावर मार्करनं काही लिहू नका, काही शायांत लोहाचे रंग असतात. खुणा डबीवर करा. पाकिटावर "स्टीलचा चिमटा वापरू नये" असं कानडीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहा. धारवाडला चिठ्ठी मराठीतून दिली तर ती वाचली जाणार नाही आणि दोष ऑपरेटरचा नसेल.

कच्चा आलेख कसा दिसतो ते आधी डोळ्यांत बसवून ठेवा. अर्धा मिलिमीटर जाड, ५ बाय ५ मिमीचा सिलिकॉन २९ मिलीग्रॅम भरतो आणि १० हजार ओर्स्टेडला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) उणे ३२ मायक्रो-ईएमयू देतो. थराचे अधिक १० धरले तर टोकाला वाचन येतं उणे २२. म्हणजे कच्चा आलेख डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ, आणि शून्याजवळ एस आकाराचा लहानसा मुरडा. पहिल्याच कागदावर सुरेख सपाट लूप हातात आला तर कुणीतरी वजाबाकी करून दिली आहे. कच्ची फाईल मागा.

वजाबाकी करताना ६ ते १० हजार ओर्स्टेडमधला उतार घ्या, दोन्ही बाजूंचा वेगळा काढून सरासरी करा. त्या उतारात ५ टक्क्यांची चूक झाली तर टोकाला १.६ मायक्रो-ईएमयूचा फरक पडतो, थराच्या सिग्नलचा सहावा हिस्सा. कोऱ्या तुकड्याचा उतार वजनाच्या प्रमाणात जुळतो का ते पडताळा. पॅरामॅग्नेटिक (एकटा, क्षेत्र असेपर्यंतच थोडा वळणाऱ्या) कोबाल्टचा भाग खोलीच्या तापमानाला जेमतेम १ मायक्रो-ईएमयू असतो, वजाबाकीत सहज गडप होतो. तो बघायचा तर ५ केल्विनला मोजा, तिथे तो साठेक पट होतो. तिथून एकटे बसलेले कोबाल्ट किती हे कळतं, आणि बहुतेक थरांत तेच बहुसंख्य निघतात.

व्हीएसएमला १० मायक्रो-ईएमयू कठीण जातं. एका बिंदूवर जास्त वेळ सरासरी घ्यायला सांगा, किंवा स्क्विडकडे (अतिसंवेदनशील चुंबकमापकाकडे) जा. स्क्विडच्या सुपरकंडक्टिंग चुंबकात १० ते २० ओर्स्टेड अडकून राहतात, म्हणून २० ओर्स्टेडची कोएर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) आली तर ती चुंबकाची समजा, थराची नव्हे. त्याच फेऱ्यात स्वतःचा लूप नसलेला पॅलॅडियमचा तुकडा मोजला की हा फरक लगेच उघड होतो.

थर आडवा आणि उभा, दोन्ही दिशांनी मोजा. १० मायक्रो-ईएमयू या आकारमानात पसरले तर दर घनसेंटिमीटरला २ ईएमयू, आणि विचुंबकन क्षेत्र (थराच्या चुंबकत्वानं आतच तयार होणारं उलटं क्षेत्र) फक्त २५ ओर्स्टेडच्या आसपास. इतक्या क्षीण थरात दोन्ही लूप जवळपास सारखे यायला हवेत. उभ्या दिशेला लूप हजारो ओर्स्टेडपर्यंत ताणला गेला तर तो सलग धातूचा पापुद्रा आहे: कोबाल्टचं विचुंबकन क्षेत्र १७ हजारांच्या वर जातं. डोंगरदऱ्यांमुळे दिशा-फरक कमी होतो हे म्हणणं धातूच्या थरांना लागू पडतं, इथे त्याला फारसा वाव नाही.

शेवटची पडताळणी ऑक्सिजनची. तोच तुकडा निर्वातात ४०० अंशांवर अर्धा तास भाजा, मोजा. मग हवेत ४०० अंशांवर एक तास, मोजा. हा फेरा दोनदा करा. दोन्ही वेळा सिग्नल वर-खाली झाला तर रिकाम्या जागांचा हात आहे. पहिल्या हवेतल्या भाजण्यात पडला आणि परत उठलाच नाही, तर लोखंडाचा कण गंजून गेला असण्याची शक्यता जास्त. निर्वातात सिग्नल एकदम दहापट उसळला तर आनंदून जाऊ नका. कोबाल्ट झिंकच्या आधी धातूत उतरतो, तेव्हा ७७८ चा खांदा तपासा. हायड्रोजन असलेल्या वायूत भाजणं या कामासाठी टाळलेलंच बरं.

थर केल्यापासून मोजणीपर्यंतचे दिवस वहीत लिहा. उघड्यावर ठेवलेला झिंक ऑक्साइड ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि वरचे एक-दोन नॅनोमीटर बदलून जातात. तुकडे डेसिकेटरमध्ये ठेवा, मोजणीच्या आदल्या दिवशी १५० अंशांवर तासभर वाळवा, आणि महिन्यानं एक तुकडा परत मोजायला पाठवा.